मॅरेथॉनवीर जिम पीटर्स



आपल्या खेड्यापाड्यांतून शाळांचे खेळ भरतात तेव्हा शेवटी बहुधा एक लांब पल्ल्याची शर्यत असते. वेशीपासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून परत वेशीपर्यंत. मुले अनवाणी पळतात, बाया-माणसे वाटेत उभी राहून बघतात. अशा वेळी वडीलधारी मंडळी पोरांना हमखास बजावतात, "पळताना पाणी पिऊ नको रे, पोटात कळ येईल!" मी शाळेत असताना मलाही हेच सांगितले होते, आणि मी ते मुकाट्याने पाळलेही होते. हे वाक्य तुम्ही जरा ध्यानात ठेवा. आजच्या गोष्टीच्या शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

आज मी तुम्हांला जिम पीटर्स नावाच्या एका इंग्रज धावपटूची हकीकत सांगणार आहे. मॅरेथॉन शर्यतीच्या इतिहासात याच्या इतका मोठा आणि याच्या इतका दुर्दैवी माणूस क्वचितच सापडेल. तीन वर्षांत त्याने साऱ्या जगाला या शर्यतीकडे नव्याने पाहायला लावले. पण लोकांच्या आठवणीत राहिली ती त्याची शेवटची दोनशे यार्डांची धडपड. असे का झाले, आणि त्यातून आपण काय घ्यायचे, हे आपण पाहू.

आधी मॅरेथॉन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ही २६ मैल ३८५ यार्डांची, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरची शर्यत. हा असा विचित्र आकडा कुठून आला? १९०८ साली लंडनला ऑलिंपिक सामने झाले. त्या वेळी ही शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून लंडनच्या क्रीडांगणात राजघराण्याच्या आसनासमोर संपवली. ते अंतर भरले इतके. पुढे १९२१ साली तेच अंतर कायमचे ठरून गेले.

या १९०८ च्या शर्यतीतला एक प्रसंग पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवा. डोरांडो पिएत्री नावाचा इटालियन धावपटू सर्वांच्या आधी मैदानात आला, पण उन्हाने आणि श्रमाने त्याचे भान हरपले होते. तो भलत्याच दिशेला वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटी पंचांनी हाताला धरून त्याला रेषेपार नेले. झाले! दुसऱ्याची मदत घेतली म्हणून तो बाद ठरला आणि अमेरिकेचा जॉनी हेज विजयी झाला. राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला दुसऱ्या दिवशी खास चषक दिला खरा, पण तेव्हापासून एक धाक बसला तो बसलाच: पडलेल्या धावपटूला हात लावला की त्याची शर्यत गेली.

आता आपल्या नायकाकडे वळू. जिम पीटर्स २४ ऑक्टोबर १९१८ रोजी लंडनमध्ये जन्मला. धंदा म्हणाल तर चष्मे करून देण्याचा. धावण्याचे त्याला पैसे मिळत नव्हते. त्या काळी या खेळात पैसे घेणाऱ्याला शर्यतीत उतरूच देत नसत. दिवसभर कामधंदा, घरी बायकामुले, आणि उरल्या वेळात धावणे. म्हणजे माणूस तुमच्या-आमच्यातलाच, बरं का.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली तो इंग्लंडमध्ये सहा मैलांच्या शर्यतीत पहिला आला. १९४८ साली लंडनला पुन्हा ऑलिंपिक भरले, तेव्हा तो दहा हजार मीटरच्या शर्यतीत उतरला. शर्यत जिंकली झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने. पीटर्स मागे राहिला. नुसता मागे नव्हे. झाटोपेकने त्याला एक पूर्ण फेरी मागे टाकले होते. घरच्या लोकांसमोर असा प्रसंग आल्यावर माणसाला काय वाटेल? पीटर्स तिशीला टेकला होता. आता पुरे झाले, असे त्याने मनाशी ठरवले.

इथे त्याचा गुरू पुढे आला. जॉनी जॉन्स्टन हा स्वतः १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेला माणूस. त्याने शिष्याला सांगितले, तुझा पल्ला दहा हजार मीटरचा नाही, तू मॅरेथॉनचा माणूस आहेस. शिक्षक मंडळींनी इकडे लक्ष द्यावे. मुलगा एका ठिकाणी हरला म्हणजे तो सगळीकडे हरला, असे नसते. त्याची जागा कुठे आहे, हे त्याच्याआधी गुरूला दिसावे लागते.

पण त्या गुरुशिष्यांनी तयारी केली ती कशी? तोपर्यंत मॅरेथॉनची तयारी म्हणजे लांब लांब चालणे आणि संथ धावणे. शर्यत दमाची आहे, वेगाची नाही, असा सगळ्यांचा समज. पीटर्सने तो मोडला. ज्या वेगाने शर्यतीत धावायचे, जवळजवळ त्याच वेगाने तो रोज सरावात धावू लागला. कामातून सवड काढून तो दिवसातून दोन दोन वेळा धावे. आठवड्याचे अंतर शंभर मैलांच्या आसपास जाई. लंडनचा पाऊस असो की धुके असो, खाडा नाही. आपल्याकडे जातिवंत पैलवान रोजचा मेहनतीचा रतीब चुकवीत नाही, तसेच हे.

फळ लवकरच दिसले. १९५१ च्या जून महिन्यात विंडसरहून लंडनकडे जाणाऱ्या पॉलिटेक्निक मॅरेथॉनमध्ये तो पहिल्यांदा उतरला आणि २ तास २९ मिनिटे २४ सेकंदांत पहिला आला. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत त्याने वेळ नोंदवली २ तास २० मिनिटे ४२.२ सेकंद. त्याआधीची जगातली सर्वांत चांगली वेळ होती कोरियाच्या सुह युन-बोकची, १९४७ सालची, २ तास २५ मिनिटे ३९ सेकंद. पीटर्सने एका दमात जवळजवळ पाच मिनिटे कमी केली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत विक्रम मोडतो तो बहुधा काही सेकंदांनी. इथे पाच मिनिटे!

अर्थात १९५२ च्या जुलैमध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला तो निघाला, तेव्हा सोन्याचे पदक त्याचेच, असे पुष्कळांनी धरून ठेवले होते. हेच ते ऑलिंपिक, जिथे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. खाशाबांचे पदक २३ जुलैचे, मॅरेथॉन २७ जुलैची. चार दिवसांच्या अंतराने त्याच गावात एका शेतकऱ्याच्या मुलाचे नशीब उघडले आणि एका चष्मेवाल्याचे रुसले.

पीटर्स सुरुवातीपासूनच जोरात सुटला. त्याच्या मागे होता तोच झाटोपेक. त्या आठवड्यात झाटोपेकने पाच हजार आणि दहा हजार मीटरच्या शर्यती जिंकल्या होत्या. मॅरेथॉन मात्र तो जन्मात पहिल्यांदाच धावत होता. असे सांगतात की, वाटेत झाटोपेकने पीटर्सजवळ येऊन विचारले, हा वेग बरोबर आहे ना? पीटर्स आतून थकला होता, पण तसे न दाखवता त्याने उत्तर दिले की, वेग फारच कमी आहे. झाटोपेकने ते खरे मानले आणि तो पुढे निघून गेला! झाटोपेक २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांत जिंकला. पीटर्सच्या पायात पेटके आले आणि सुमारे वीस मैलांवर त्याला शर्यत सोडावी लागली.

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. पीटर्सने १९५३ सालात चार मॅरेथॉन शर्यती जिंकल्या. जूनमध्ये पॉलिटेक्निकच्या शर्यतीत त्याने २ तास १८ मिनिटे ४० सेकंद अशी वेळ दिली आणि दोन तास वीस मिनिटांच्या आत मॅरेथॉन धावणारा तो जगातला पहिला माणूस ठरला. ऑक्टोबरमध्ये फिनलंडच्या तुर्कू गावी त्याने त्यातून आणखी काही सेकंद कमी केले. आणि २६ जून १९५४ रोजी, पुन्हा विंडसरच्या त्याच रस्त्यावर, त्याची वेळ झाली २ तास १७ मिनिटे ३९.४ सेकंद.

हा वेग किती, ते हिशेबाने पाहा. मैलाला सव्वापाच मिनिटे. तासाला अठरा किलोमीटरहून जास्त. मोकळ्या रस्त्यावर सायकल दामटणाऱ्या माणसाचा वेग साधारण इतकाच भरतो. तुमच्या गावातला चपळ तरुण एवढ्या वेगाने एक मैल जाईल कदाचित. पीटर्स सव्वीस मैल गेला, ते देखील रबरी तळाचे साधे कॅनव्हासचे बूट घालून. दोन वर्षांत त्याने जगाची सर्वोत्तम वेळ चार वेळा सुधारली आणि एकूण आठ मिनिटांनी खाली आणली. मॅरेथॉन ही वेगाचीही शर्यत आहे, हे जगाला त्याने पटवले. २०२३ साली केनियाच्या केल्विन किप्टुमने शिकागो येथे २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत हे अंतर तोडले. त्या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा पीटर्सचा आहे.

आता येते १९५४ सालची ७ ऑगस्ट ही तारीख. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरी ब्रिटिश साम्राज्य व राष्ट्रकुल सामने भरले होते. त्याच दिवशी त्याच मैदानात इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर आणि ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी यांची एक मैलाची प्रख्यात शर्यत झाली आणि दोघेही चार मिनिटांच्या आत आले. लोक आनंदाने बेभान झाले होते. तेवढ्यात मैदानाच्या दारातून पीटर्स आत आला.

तो पहिला होता. मागच्या माणसाला येण्यास सुमारे सतरा मिनिटे होती. पण लोकांची टाळी अर्ध्यावर थांबली. कारण हा माणूस धावत नव्हता, धड चालतही नव्हता. दारू प्यालेल्या माणसासारखे त्याचे पाय आडवेतिडवे पडत होते. तो पडला. उठला. चार पावले टाकून पुन्हा पडला. असा तो दहा-बारा वेळा पडला आणि प्रत्येक वेळी उठला. दोनशे यार्ड जायला त्याला अकरा मिनिटे लागली. हजारो माणसे पाहत होती, डॉक्टर होते, अधिकारी होते. पण कोणी पुढे होईना. का? हात लावला तर पीटर्स बाद होणार! १९०८ सालचा तो धाक सर्वांच्या मनात होता. प्रेक्षकांतून बाया-माणसे ओरडू लागली, अरे, त्याला थांबवा कोणीतरी!

शेवटी मैदानावरच्या इतर शर्यती जिथे संपतात त्या रेषेपर्यंत तो पोहोचला. तेव्हा इंग्लंडच्या संघाचा मालिश करणारा मिक मेज पुढे झाला आणि त्याने पीटर्सला आपल्या हातांत सावरले. पीटर्सला वाटले, आपण जिंकलो. पण मॅरेथॉनची शेवटची रेषा मैदानाच्या दुसऱ्या बाजूला होती. आणखी सुमारे दोनशे यार्ड बाकी होते. पीटर्स बाद झाला.

त्याला उचलून इस्पितळात नेले, शिरेतून सलाइन दिले. त्याचा सहकारी स्टॅन कॉक्स दुसऱ्या क्रमांकावर धावत होता. तो उन्हाने भ्रमिष्ट होऊन रस्त्याकडेच्या खांबावर आदळला आणि त्यालाही इस्पितळातच नेले. निघाले होते सोळा जण. रेषेपर्यंत पोहोचले सहा. जिंकला स्कॉटलंडचा जो मॅकगी, २ तास ३९ मिनिटे ३६ सेकंदांत. पीटर्सच्या विक्रमाहून ही वेळ बावीस मिनिटांनी कमजोर. पण मॅकगी आपल्या बेताने आला आणि शेवटपर्यंत आला. सोने त्याचे झाले, आणि ते न्यायाने त्याचेच होते.

आता प्रश्न असा, पीटर्ससारख्या लोखंडी माणसाला झाले तरी काय? हे नीट समजून घेऊ या.

आपला देह काम करतो तेव्हा खाल्लेल्या अन्नातली थोडीच शक्ती हातापायांच्या हालचालीत जाते. बाकीच्या बहुतेक शक्तीची उष्णता होते. ही उष्णता बाहेर पडली नाही तर माणूस आतून भाजून निघेल. ती बाहेर टाकण्याची सोय म्हणजे घाम. उन्हाळ्यात आपण मातीच्या माठात पाणी ठेवतो. माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार राहते. आपली कातडी म्हणजे असाच माठ आहे. आणि पावसाळी दमट हवेत माठातले पाणी गार होत नाही, तसा दमट हवेत घामही वाळत नाही. मग अंग थंड होत नाही.

पण माठात पाणी असेल तरच तो पाझरेल ना? जोराने धावणाऱ्या माणसाचा तासाला एक लिटर, कधी त्याहूनही जास्त घाम जातो. ते पाणी भरून निघाले नाही तर रक्तातले पाणी कमी होते आणि हृदयावर ताण पडतो. अंगातली उष्णता चाळीस अंश सेल्सियसच्या वर चढते. मग पहिला घाला मेंदूवर होतो. तोल जातो, दिशा कळत नाही, आणि मुख्य म्हणजे आपल्याला काही झाले आहे हेच कळत नाही. पीटर्स पडून पुन्हा पुन्हा उठला, ती त्याची जिद्द होती हे खरे. पण थांबावे की नाही हे ठरवणारी बुद्धी त्या वेळी त्याच्या ताब्यात नव्हती, हेही तितकेच खरे.

त्या दिवशी हवा ऑगस्टची, कडक उन्हाची, आणि शर्यत सुटली भर दुपारी. त्या काळच्या धावपटूंत शर्यतीत पाणी पिणे हे कमकुवतपणाचे लक्षण मानीत, आणि पीटर्सही त्याच शिस्तीत वाढलेला. शिवाय त्या वर्षी त्याने एप्रिलात बॉस्टनची मॅरेथॉन धावून दुसरा क्रमांक मिळवला होता, जूनमध्ये विक्रम केला होता, आणि व्हँकूव्हरमध्येच आठवडाभर आधी सहा मैलांच्या शर्यतीत कांस्यपदक घेतले होते. आणि शेवटचे कारण त्याचा स्वभाव. वेग कमी करणे त्याला माहीत नव्हते. सतरा मिनिटे पुढे असलेला माणूस सावकाश आला असता तरी जिंकला असता. पण ज्या गुणाने त्याला जगात पहिला केले, त्याच गुणाने त्या दिवशी त्याला पाडले.

पीटर्स त्यानंतर पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. आपण त्या दिवशी मेलो नाही हे आपले भाग्य, असे तो पुढे बोलून दाखवी. ड्यूक ऑफ एडिंबरोने त्याच्या शौर्याच्या कौतुकाचे शब्द कोरून त्याला एक पदक पाठवले. तो पुन्हा आपल्या चष्म्यांच्या धंद्याला लागला आणि चांगले दीर्घ आयुष्य जगून ९ जानेवारी १९९९ रोजी, ऐंशी वर्षांचा होऊन वारला.

आता मला विचाराल, तर या साऱ्या गोष्टीत शहाणा माणूस कोण? मी म्हणेन, मिक मेज. त्याच्या हाताने पीटर्सचे पदक गेले, असे कोणी म्हणेल. पण पुढची दोनशे यार्डे पीटर्सला तशीच जाऊ दिली असती, तर पदक मिळाले असते की नाही कोण जाणे, माणूस मात्र बहुधा गेला असता. त्या हाताने त्याला पुढची चव्वेचाळीस वर्षे दिली. ज्या हजारो लोकांनी नियमाच्या भीतीने हात आखडता घेतला ते वाईट नव्हते. नियम मोठा की माणूस, हा प्रश्न त्यांच्यासमोर एकाएकी आला आणि त्यांना उत्तर सुचले नाही. आपल्याला ते आधीच ठरवून ठेवता येईल.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. मुलांना जरूर पळवा, पीटर्सची जिद्द त्यांना सांगा. पण लांबची शर्यत सकाळी लवकर घ्या, दुपारच्या उन्हात घेऊ नका. वाटेत ठिकठिकाणी पाण्याची सोय ठेवा. तहान लागली की मुलाने घोट घोट पाणी प्यावे. उगाच घटाघटा तांब्याभर पिऊ नये, कारण अतिरेक तिथेही घातक असतो. कडक उन्हाची सवय अंगाला व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, ते त्याला द्या. मुलगा झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर टाळ्या वाजवून त्याला पुढे ढकलू नका. त्याला धरा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरांकडे पोहोचवा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी मात्र ओतू नका. उन्हात काढणी-मळणी करणाऱ्या शेतकरी बंधूंनाही हेच लागू आहे. ऊन धावपटू आणि मजूर असा भेद करीत नाही.

आणि ते आपले पहिले वाक्य, "पळताना पाणी पिऊ नको रे!" ते म्हणणाऱ्यांच्या मनात मायाच होती. पण जगातला सर्वांत वेगवान मॅरेथॉनवीर तसाच समज बाळगून पळाला आणि रेषेपासून दोनशे यार्डांवर कोसळला, हे आता आपल्याला ठाऊक आहे. यापुढे वेशीवर उभे राहून मुलांना निरोप देताना आपण दुसरे काही सांगू या: जोरात पळ, पण तहान लागली तर थांबून पाणी पी, आणि नाहीच जमले तर परत ये, आम्ही इथेच आहोत.